रानाचा राखणदार कोण?

॥ जय जय रामकृष्णहरि ॥

भगवद्भक्तहो, भीती आणि भक्ती ह्या दोन शब्दांचा आरंभ एकाच अक्षराने होतो. पण पुढे वाटा अशा फुटतात की एक घराकडे जाते आणि दुसरी घरापासून दूर नेते. भीतीने हात जोडणारा मनुष्य हात जोडता जोडता मागे वळून पाहत असतो, संकट टळले की नाही ह्याचा अदमास घेत असतो. भक्तीने हात जोडणाऱ्याला मागे पाहण्याचे कारणच उरत नाही. हा भेद देवळात, कीर्तनात, पारायणात आपण पुष्कळदा ऐकतो. आज आम्ही तो एका निराळ्या ठिकाणी लावून पाहणार आहोत. ते ठिकाण म्हणजे रान.

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. नावातच फूल. मुलूख पैनगंगेचा, सागाचा, मोहाचा, पळसाचा. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूरगड. तिथे रेणुकामाता आणि दत्तप्रभू रानाच्या कुशीत बसले आहेत. कापसाची काळी शिवारं, बंजाऱ्यांचे तांडे, आंध-गोंडांची गावे, कोलामांचे पोड, आणि ह्या सर्वांतून आषाढीला पंढरीच्या वाटेला लागणारी माळकरी मंडळी, असा हा प्रांत. ह्या फुलसावंगीच्या श्रोत्यांपुढे निरूपण चालले असता आसपासच्या एका गावचे वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले:

"महाराज, आमच्या गावाबाहेर देवाचं रान हाय. आमचा आजा म्हने, तिथं राखनदार बसते. काडी उचलली तर घरात आजार येते. त्या भेवानं कोनी पाय ठेवत नव्हतं. आता पोरं शिकली. ते म्हंतात, भूत-गीत काही नाही. झाडं विकू अन् त्या पैशात विठ्ठलाचा सभामंडप बांधू. तवा तुमीच सांगा महाराज, भूत मोठं का विठ्ठल मोठा?"

प्रश्न साधा दिसतो, पण मोठा अवघड आहे. 'विठ्ठल मोठा' म्हणावे, तर उद्या सकाळी कुऱ्हाड चालते. 'भूत मोठे' म्हणावे, तर गळ्यातली माळ लाजते. मग करायचे काय? सज्जनहो, ह्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. आधी ते रान काय आहे हे पाहू, मग त्या भुताची चौकशी करू, आणि शेवटी विठोबाला त्याच्या सभामंडपाविषयी विचारू.

रान देवाचे, म्हणजे कसे?

सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर, कोकणात, गोव्यात आणि विदर्भाच्या रानपट्टीतही अशी राने आहेत. कुठे त्यांस देवराई म्हणतात, कुठे देवरहाटी, कुठे नुसती राई. एकट्या महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. कुणी गुंठ्या-दोन गुंठ्यांची, कुणी कित्येक एकरांची. आत काळकाई, सोमजाई, वाघजाई, वेताळ, म्हसोबा अशी दैवते. पुष्कळ ठिकाणी मूर्ती म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा. कित्येक ठिकाणी त्या देवतेला डोक्यावर छप्पर चालत नाही अशी लोकांची श्रद्धा. पाऊस अंगावर घेईन, ऊन अंगावर घेईन, पण झाडांच्या सावलीत बसेन, अशी ती देवता!

ह्या रानांचा नियम कडक. हिरवे तोडायचे नाही हे तर खरेच. पण वाळके उचलायचे नाही, पडलेले ओढायचे नाही, पालापाचोळाही घरी न्यायचा नाही. गावावर खरीच नड आली, कुणाचे घर जळाले, देवळाची तुळई मोडली, तर कोकणात देवाला कौल लावायचा, आणि कौल मिळाला तरच नडीपुरते लाकूड घ्यायचे. कौल नाही मिळाला तर मुकाट्याने परत फिरायचे. आणि ह्या सगळ्यावर नजर ठेवायला राखणदार. त्याला कुणी देवाचा गण म्हणतो, कुणी गावाचा मूळ पुरुष म्हणतो, कुणी भूत म्हणतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात केरी गावी एक राई आहे, तिचे नावच 'आजोबाची राय'. पाहा, राखणदाराला नाव दिले ते आजोबाचे!

आपल्या विदर्भातही हीच रीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाचे नाव आज साऱ्या जगात गेले आहे. पण ते नाव आले कुठून? गोंड लोकांत कथा सांगतात, की तारू नावाचा त्यांचा एक प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानले. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे त्याची जत्रा भरत असे. सरकारने १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान केले. पण सरकारी पाटी लागण्याच्या कितीतरी आधी ते रान तारूच्या नावावर होते. गोंडांच्या कुळाकुळांत एखादे झाड, एखादा प्राणी पूज्य असतो. त्याला त्या कुळाने इजा करायची नाही असा दंडक असतो. साजाच्या झाडाखाली त्यांच्या बडा देवाची स्थापना असते. ह्याला कुणी अडाणीपणा म्हणेल. म्हणो बापडा! पण ज्या डोंगरावर हा 'अडाणीपणा' राहिला तिथे झरे राहिले, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते.

दिसते कसे, तेही सांगतो. पालापाचोळा उचलायचा नाही हा नियम पोरकट वाटतो ना? पण तोच पाला कुजून रानाच्या पायाखाली गोधडीसारखा थर होतो. मृगाचा पाऊस उघड्या माळावर पडला की माती घेऊन ओढ्याला पळतो. गोधडीवर पडला की आत मुरतो आणि चैत्र-वैशाखापर्यंत थेंब थेंब बाहेर येतो. वाळके झाड उभे ठेवायचे, तर त्याच्या ढोलीत घुबड राहते आणि आसपासच्या शेतांतले उंदीर खाते. धनेश पक्षी फळे खाऊन लांबवर बी टाकतो, तर पेरणी फुकट होते. देवाने नेमलेले हे बलुतेदारच आहेत म्हणा. फक्त ते सुगीला खळ्यावर वाटा मागायला येत नाहीत.

पूर्वपक्ष

आता कुणी वारकरी म्हणेल, "महाराज, हे सर्व खरे; पण आमच्या संतांनी ह्या क्षुद्र दैवतांचा निषेध केला आहे. नवस, कोंबडे-बकरे, अंगात येणे, चेटूक ह्यांतून समाजाला बाहेर काढले ते ज्ञानोबा-तुकोबांनीच. एका विठ्ठलावाचून आम्ही दुसरे जाणत नाही. तेव्हा राखणदाराचे स्तोम कशाला?"

हा पूर्वपक्ष बळकट आहे, आणि आम्हांस मान्य आहे. देवाच्या नावाने मुक्या जनावराच्या मानेवर सुरी ठेवणे हा धर्म नव्हे, हे संप्रदायाने शेकडो वर्षे सांगितले, आजही सांगितले पाहिजे. घरात पोर तापाने फणफणले तर ते राखणदाराच्या कोपाने नव्हे; त्याला दवाखान्यात न्यावे, आणि नेता नेता नाम घ्यावे. भुताच्या भीतीने ज्याचे काळीज थरथरते, त्याला विठोबाच्या पायांशी निर्धास्त बसता येत नाही. म्हणून त्या गावची शिकलेली मुले म्हणतात ते अर्धे खरे आहे.

पण अर्धेच! कारण अहो, भूत नाही हे कळले म्हणून झाड विकायचे, हा हिशेब कुठला? वडिलांच्या धाकाने मुलगा घरातल्या पेटीला हात लावत नव्हता. वडील वारले, धाक गेला. आता पेटी फोडायची? धाक गेला ह्याचा अर्थ पेटी आता त्याच्या भरवशावर आली. जो धाकाने नीट वागत होता, त्याने आता समजुतीने नीट वागावे. तसे तो वागला नाही, तर धाकच बरा होता म्हणण्याची पाळी येते.

मंडळी, गोम इथेच आहे. भीती हा पहारेकरी होता. अडाणी होता, उग्र होता, पण जागा होता. आपण त्याला रजा दिली हे योग्यच केले. पण त्याच्या जागी प्रेमाला बसवले नाही. चौकी रिकामी राहिली. आणि रिकाम्या चौकीत कोण येऊन बसते? ठेकेदार येऊन बसतो.

शिवाय भीतीच्या पहाऱ्यात एक मूळचीच खोट आहे. ती ज्याला ठाऊक आहे त्यालाच अडवते. गावच्या माणसाला राखणदार ठाऊक, म्हणून तो थबकतो. बाहेरून आलेल्या ट्रकवाल्याला राखणदाराचे नावही ठाऊक नसते. त्याची यांत्रिक करवत तासाभरात शंभर वर्षे आडवी करते, आणि त्याला ताप येत नाही की स्वप्न पडत नाही. तो सुखरूप घरी गेलेला पाहिला, की गावातल्या माणसाचीही भीती मोडते. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच कुऱ्हाड घेऊन निघतो. भीती अशीच मोडते. एकदा मोडली की पुन्हा सांधत नाही.

त्यात राज्यकर्त्यांनी भर घातली. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, देशातली पुष्कळशी राने सरकारी राखीव झाली. कालपर्यंत जे रान 'आपले' आणि 'देवाचे' होते, ते 'सरकारी' झाले. देवाच्या मालाला हात लावताना जीभ चावणारा मनुष्य सरकारी मालाविषयी मात्र निर्ढावला. जे देवाचे नाही आणि आपलेही नाही, ते कुणी जपावे?

भूत म्हणजे कोण?

आता त्या भुताकडे वळू. आपल्या संप्रदायात 'भूत' ह्या शब्दाचा अर्थ काय? गीतेत पाहा, ज्ञानेश्वरीत पाहा. तिथे भूत म्हणजे पिंपळावरचा समंध नव्हे. भूत म्हणजे जे झाले आहे ते, जे आहे ते, जीवमात्र. पंचमहाभूतेही भूतेच. विष्णूच्या सहस्र नावांत, भूतांना धरणारा आणि भूतांना वाढवणारा, अशा अर्थाची नावे आहेत. माउलींनी ग्रंथाच्या शेवटी जे पसायदान मागितले, त्यात जीवाजीवांमध्ये मैत्री मागितली. त्यातून झाडे वगळली आहेत काय? वाघ वगळला आहे काय? मुंगी वगळली आहे काय?

म्हणजे आजा म्हणत होता ते शब्दशः खरेच होते! "त्या रानात भुते आहेत." आहेतच की! सागात आहेत, मोहात आहेत, घुबडात आहेत, वारुळात आहेत, झऱ्याच्या पाण्यात आहेत. आजोबाने त्यांना भ्यायला शिकवले. माउली त्यांच्यावर मैत्री करायला शिकवते. शब्द तोच, दृष्टी पालटली. ज्ञान म्हणजे तरी दुसरे काय? दोरीवर साप दिसत होता. दिवा आणला, साप गेला. पण साप गेला म्हणून दोरी जाळीत नाहीत. तिने विहिरीचे पाणी काढतात. भूत गेले म्हणून रान तोडायचे, हे दोरी जाळण्यासारखे आहे.

भक्त सर्वांशी सम कसा असतो हे बाराव्या अध्यायात सांगताना माउलींनी दृष्टांत दिला आहे तो झाडाचा. ज्याने लावले त्याला आणि ज्याने घाव घातला त्याला, झाड सावली देताना भेद करीत नाही, असा त्या दृष्टांताचा आशय. नीट विचार करा. समत्वाची थोरवी सांगायला माउलींना राजा आठवला नाही, तपस्वी आठवला नाही, झाड आठवले. जे झाड भक्ताचा आदर्श, ते भक्तानेच तोडावे?

आणि आळंदीला गेल्यावर आपण काय पाहतो? समाधीपाशी अजानवृक्ष. नाथमहाराजांची कथा वारकऱ्याच्या घरी सांगायला नको. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, असा माउलींनी त्यांस दृष्टांत दिला. नाथ आळंदीस आले. आणि पुढे शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ शुद्ध झाला, त्याचे निमित्त झाडाची मुळी! त्या झाडाच्या छायेत पारायणाला बसायला लोक लांबून येतात. मग गावच्या रानातल्या झाडाखाली पारायण का होऊ नये?

तुकोबारायांचे पाहा. देहूचे घर सोडून ते भंडारा आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत. झाडावेलींशी आणि रानच्या जीवांशी त्यांनी आपले नाते सांगितले, हे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. एकदा त्यांना शेताची राखण सांगितली असता त्यांनी पाखरांना हाकलले नाही, दाणा खाऊ दिला, अशी कथा परंपरेने सांगतात. मालक रागावला खरा, पण त्याचे पीक उणे पडले नाही, असे कथा म्हणते. हाही राखणदारच; पण कसा? भुताचा राखणदार माणसाला रानातून हाकलतो. तुकोबांसारखा राखणदार पाखरालाही शेतातून हाकलीत नाही. भीतीची राखण आणि भक्तीची राखण ह्यांतला फरक एवढ्या एका कथेत आला.

भीती गेल्यावरही राने राहिली, ती कुठे?

कुणी म्हणेल, हे कीर्तनात ठीक. व्यवहारात भीतीवाचून कोण ऐकतो? तर व्यवहारातलीच उदाहरणे देतो.

श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. डॉ. माधव गाडगीळ आणि श्री. वर्तक हे शास्त्रज्ञ त्या काळी देवरायांचा अभ्यास करीत होते. गाणीच्या लोकांनी त्यांस कळवले, की आमच्या देवराईवर तोडीची खूण पडली आहे, ती वाचवा. का वाचवा? देवी कोपेल म्हणून? तसे नव्हे. उन्हाळ्यात पाणी टिकते ते देवराईतून येणाऱ्या ओढ्यालाच, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, असे ते म्हणाले. राई वाचली. भीतीने जपलेले रान पुढे समजुतीने जपले गेले, ते असे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा, हे गोंडांचे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या रानावर सामूहिक हक्क मागता येतो. तो देशात अगदी आरंभी, २००९ साली, ज्या गावांना मिळाला त्यांत हे गाव. रान सुमारे १,८०० हेक्टरांचे. २०११ साली बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचेही मन दुखले तर पुन्हा बसतात. आम्हांस विचाराल तर हे भजनाच्या फडासारखेच आहे. एकाचा टाळ चुकला तर सगळे थांबतात, त्याला मिळवून घेतात आणि मग पुढे जातात. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावच्या लोकांना २०१२ साली असाच हक्क मिळाला. तेंदूपानांसाठी झाडे छाटावी लागतात, रानाला वणवे लागतात, म्हणून हाती येणारा तेंदूचा पैसा त्यांनी आपण होऊन सोडला आणि बांबूवर भागवले. हा त्याग कुठल्या भुताने करायला लावला?

आणि राजस्थानातले खेजडली. गुरू जांभोजींनी १४८५ साली बिश्नोई पंथ स्थापला आणि एकोणतीस नियम दिले. हिरवे झाड तोडू नये हा त्यांतलाच एक. १७३० साली जोधपूरच्या राजाची माणसे खेजडीची झाडे तोडायला आली. अमृतादेवी पुढे झाली, झाडाला मिठी मारून उभी राहिली. एकामागून एक अशा ३६३ जणांनी प्राण दिले. सज्जनहो, भुताच्या भीतीने माणूस झाडापासून दूर पळतो. झाडाला मिठी मारून मरत नाही. मिठी भीतीला ठाऊक नसते, ती भक्तीलाच ठाऊक.

गरिबाच्या मोळीचे काय?

इथे एक शंका उरते, आणि ती दयेची आहे म्हणून टाळता येत नाही. पोडावरची कोलाम माउली पहाटे रानात जाते, डोक्यावर वाळक्या काट्यांची मोळी आणते, तेव्हा तिची चूल पेटते. तिला आम्ही वृक्षधर्म सांगायचा काय? नाही. रान ज्यांनी संपवले ते मोळीवाले नव्हेत. मोळीवालीला रान उद्याही हवे असते, कारण उद्याही चूल पेटवायची असते. गाडी भरून नेणाऱ्याला पुन्हा त्या वाटेने यायचेच नसते. नड आणि हाव ह्यांतला भेद ओळखणे हाच विवेक. कौल लावण्याच्या जुन्या रीतीत हाच विवेक होता. नड असेल तर देव देतो, हाव असेल तर देत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, सन १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड लागते हे मान्य करूनही आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. कारण काय दिले? प्रजेने ही झाडे लेकरासारखी पुष्कळ काळ वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. राजसत्तेला आरमाराची नड होती, तरी तिने रयतेच्या झाडापुढे हात आखडता घेतला. आपली नड तर सभामंडपाची!

सभामंडपाचा निवाडा

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला येतो. भूत मोठे की विठ्ठल मोठा? विठ्ठल मोठा, ह्यात शंका नाही. पण तो एवढा मोठा आहे, की त्याला राहायला त्या रानाची अडचण होत नाही, आणि तुमच्या सिमेंटच्या मंडपावाचून त्याचे अडतही नाही. पुंडलिकाने विटेवर उभे राहा म्हटले, तर तो उभा राहिला. मंडप मागितला नाही. सावतोबा अरणच्या मळ्यात भाजीच्या वाफ्यांतच त्याला पाहत होते. तो विठ्ठल तुमच्या गावच्या सागाखाली उभा राहायला लाजेल काय?

देवळाचा जीर्णोद्धार पुण्याचा आहे. आम्ही त्याच्या आड येत नाही. पण कित्येक गावी राईतले जुने वृक्ष विकून राईच्याच देवाला चिरेबंदी घर आणि वर पत्रा-स्लॅब करण्याची हौस आली. ज्या देवतेला छप्पर चालत नव्हते, तिच्या डोक्यावर सिमेंट बसले, आणि तिच्या अंगावरची सावली गेली. आता चैत्रात तिथे पंखा लावावा लागतो! आपल्या पालखी मार्गांचेही तसेच. रस्ते रुंद करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ साली झाली. वारकऱ्यांची सोय झाली हे खरे, पण कडेची जुनी झाडे किती गेली हे पायी चालणाऱ्याच्या डोक्याला कळते. नवी लावायची योजना आहे. ती जगवणे आता त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाचे काम आहे. देवासाठी वाट केली आणि वाटेवरचा देव तोडला, असे होऊ नये.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांस सांगितले तेच इथे लिहितो. बाबा, मुलांना म्हणावे, तुमचे शिक्षण खरे आहे. भुताला भिऊ नका. पण आजोबांचाही शब्द खरा आहे. झाडे विकू नका. सभामंडप हवा तर वर्गणी काढा, दोन वर्षे लागोत. आणि तोवर अखंड हरिनाम सप्ताह त्या रानाच्या कडेला, झाडांच्या सावलीत बसवा. कर्णा लावू नका. टाळ-मृदंगाने पाखरे उडून जात नाहीत, कर्ण्याने जातात. काला तिथेच करा. सात दिवस त्या सावलीत बसलेला मनुष्य आठव्या दिवशी तिचा सौदा करणार नाही.

आचार

निरूपण आचारात उतरले नाही तर ते तोंडाची वाफ. म्हणून प्रत्येक माळकऱ्याने धरण्याजोगे चार नियम सांगतो.

पहिला: आपल्या शिवारात, ओढ्याच्या तोंडाशी, देवाच्या जुन्या ठाण्याभोवती जेवढे रान उरले असेल तेवढे गावसभेत बसून सर्वांच्या संमतीने 'अभंग' ठरवावे. अभंग म्हणजे न मोडणारे. जिथे कायद्याने सामूहिक हक्क मिळतो तिथे तो रीतसर मागावा; देवाचे रान कागदावरही गावाचे असू द्यावे.

दुसरा: देवाच्या ठाण्यापुढे जीव मारणे बंद करावे, पण ठाणे मोडू नये. ज्या कोलाम-गोंड बांधवांची ती श्रद्धा आहे त्यांना हिणवू नये. त्यांनी राखले म्हणून आपल्याला पाहायला मिळाले. आपली माळ त्यांच्या शेंदराहून उंच, असे मनात आले की समजावे, माळ गळ्यात आहे पण वारी अजून व्हायची आहे.

तिसरा: झाड लावल्याचे पुण्य लावल्या दिवशी मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर, मोह, कडुनिंब, बेल, जे लावाल त्याला तीन उन्हाळे पाणी घालावे. एकादशीचा उपवास जसा आपण मोडीत नाही, तशी पाण्याची पाळी मोडू नये. दहा लावून नऊ मारण्यापेक्षा एक लावून जगवावे.

चौथा: मुलांना राखणदाराची गोष्ट सांगावी, जरूर सांगावी; ती आपल्या आजोबांची ठेव आहे. पण गोष्टीचा शेवट पालटावा. "तिथे जाऊ नको, धरील" असे न म्हणता, "तिथे जा, पण जपून जा, तिथे सगळे आपलेच आहेत" असे म्हणावे.

भगवद्भक्तहो, जुन्या माणसांनी रानात एक राखणदार बसवला होता. तो दिसत नसे, म्हणून त्याची भीती वाटे. आता तो उठून गेला असेल तर त्याचे आसन रिकामे ठेवू नका. तिथे आपण बसायचे आहे. हातात काठी न घेता, टाळ घेऊन. पंढरीचा राणा युगानुयुगे कटेवर कर ठेवून भक्तांची राखण करीत उभा आहे. त्याच्या लेकरांनी गावच्या रानाची एवढी राखण केली, तर ती त्याची सेवाच आहे. पैनगंगेच्या काठची झाडे हिरवी राहोत, झरे वैशाखातही वाहोत, पोडावरच्या माउलीची चूल पेटती राहो, आणि भूतमात्राच्या ठायी असलेला तो पांडुरंग आपल्या दृष्टीस पडो, एवढेच मागणे त्याच्या चरणी करून ही सेवा पूर्ण करतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!